करवंटीची होडी

पुण्याच्या नारायण पेठेत समुद्राची आठवण सहसा कोणाला होत नाही. नारायणराव पेशव्यांच्या नावाने वसलेल्या या पेठेत मोदी गणपती आहे, पत्र्या मारुती आहे, मुंजाबाचा बोळ आहे, लोकमान्यांचा केसरीवाडा आहे. परंतु पाण्याचा शेजार म्हणाल, तर तो एका मुठा नदीचा. हिवाळा सरता सरता ती इतकी आक्रसते, की तिच्या पात्रातल्या रस्त्याने वाहने खुशाल ये-जा करतात. पावसाळ्यात खडकवासल्याच्या धरणातून पाणी सोडले, की तोच रस्ता आणि त्यालगतचा भिडे पूल दिसेनासा होतो आणि अर्धी पेठ छत्र्या घेऊन पूर पाहावयास लोटते. पेठेतील वृद्ध माणसे मात्र या गर्दीत फारशी दिसत नाहीत. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही फुटले आणि हीच मुठा वाड्यावाड्यांत शिरली. ज्यांनी तो दिवस पाहिला, त्यांना पुराची मौज वाटत नाही.

या पेठेतील एका वाड्यात सात वर्षांची एक मुलगी राहते. घरात तिला सारे 'धाकटी' म्हणतात. तिची आजी त्या पुराच्या वेळी आठ-नऊ वर्षांची होती. गेल्या श्रावणात पुलावर पाणी आले, तेव्हा धाकटीने आजीला विचारले, "एवढे पाणी जाते तरी कुठे?" आजी वाती वळीत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "कुठे जाणार? सगळ्या नद्या शेवटी समुद्राला जाऊन मिळतात, बाळ."

आजीने सांगितले ते खरेच होते. धाकटीने ते मनात नीट जपून ठेवले आणि दुसऱ्या दिवसापासून होडी बांधावयास घेतली. स्वयंपाकघरातून एक करवंटी मिळाली. तिच्या तळाशी वितळलेल्या मेणबत्तीचे मेण ओतून त्यात एक काडी उभी केली. आजीच्या जुन्या लुगड्याच्या काठाचा लाल तुकडा त्या काडीला शीड म्हणून बांधला. होडी म्हटली की नावाडी हवाच. तेव्हा एक टपोरा चिंचोका निवडून तो मेणातच बसविला. पूर ओसरून पूल मोकळा झाला, त्या संध्याकाळी दादाने तिचे मनगट घट्ट धरले आणि तिने ती होडी मुठेत सोडली. होडी दोनदा गिरकी खाऊन सरळ झाली आणि लाल शीड दिसेनासे होईपर्यंत दोघे पुलावर उभी राहिली. घरी आल्यावर दादा ते विसरून गेला. त्याला शिष्यवृत्तीची परीक्षा होती.

मार्गशीर्षात एका रविवारी वडिलांनी धाकटीला समुद्र दाखवावयाचे ठरविले. आईला त्या दिवशीही रुग्णालयात पाळी होती आणि दादाचा वर्ग होता. म्हणून दोघेच निघाली. वडिलांनी एका स्नेह्याची लहान मोटार मागून आणली. आईने गूळ-पोळीच्या सुरळ्या बांधून दिल्या. धाकटीने आपली पिशवी स्वतः भरली. तीत तिने एक छोटा पंचाही घातला. अंग पुसावयास मोठा टॉवेल घेतलेला असताना हा आणखी कशाला, असे आईने विचारले. "लागेल," एवढेच धाकटी म्हणाली.

मुले मनाला येईल ते कल्पितात, असे मोठी माणसे नेहमी म्हणतात. धाकटीने काहीच कल्पिले नव्हते. सर्व नद्या समुद्राला मिळतात. होडी नदीत सोडली. चार महिने झाले. आणि आज आपण समुद्रावर चाललो आहोत. यातील एकही पायरी डळमळीत नव्हती. होडी भेटणार, ती ओली असणार, आणि घरी नेण्यापूर्वी ती पुसावी लागणार. पंचा त्यासाठी होता.

पहाटे ती पौडच्या रस्त्याला लागली. मुळशीजवळ उजाडले. डोंगरांच्या कुशीत दूरवर पसरलेले पाणी पाहून धाकटीला वाटले, समुद्र आलाच. वडील हसले. "हा समुद्र नव्हे. ही मुळा नदी. आपली मुठा पुण्यात संगमावर जिला भेटते ना, तीच. इथे तिला धरणाने अडविले आहे."

या पाण्याखाली मावळातील कित्येक गावांच्या जमिनी आहेत. विजेसाठी हे धरण बांधावयाचे ठरले, तेव्हा आपली शेते सोडावयास तयार नसलेल्या शेतकऱ्यांनी १९२१ मध्ये सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट त्यांचे पुढारी होते. त्या लढ्यानेच त्यांना 'सेनापती' हे बिरुद मिळवून दिले. धरण तरीही झाले. रस्ता कितीतरी वेळ त्या जलाशयाच्या काठाकाठाने जातो. त्या निवांत पाण्याकडे पाहून तिथे कोणाची भातखाचरे होती, हे सांगूनही खरे वाटत नाही.

ताम्हिणीचा घाट उतरताना धाकटीला झोप लागली. ती जागी झाली तो कोकण आले होते. हवेतला गारवा गेला होता. कोलाडजवळ एक नदी दिसली. आणि ती साधीसुधी नव्हे, चांगली भरून, खळाळत वाहणारी. धाकटी काचेला नाक लावून म्हणाली, "बाबा, आता पाऊस तर नाही. आपली नदी केवढीशी झाली आहे! मग हिला एवढे पाणी कुठले?"

असा प्रश्न विचारला गेला, की कोणत्याही बापाला धन्य वाटते. वडिलांनी मोटार बाजूला घेतली. "ही कुंडलिका. सकाळी आपण मुळशीचे पाणी पाहिले ना? ते पाणी डोंगरातून बोगद्याने आणि मोठ्या नळांतून घाटाखाली भिरा नावाच्या गावी सोडतात. सुमारे पाचशे मीटर उंचीवरून ते येते. त्याच्या जोरावर तिथली चक्रे फिरतात आणि वीज तयार होते. १९२७ पासून हे चालले आहे. वीज करून झाली, की पाणी या कुंडलिकेत येते. म्हणून ही हिवाळ्यातही भरलेली."

"म्हणजे मुळेचे पाणी घाट उतरून आपल्या आधी इथे आले?"

"आले खरे."

"आणि पुढे समुद्रात जाईल?"

"रेवदंड्याला. आपण तिथेच चाललो आहोत."

धाकटीने समाधानाने मान हलविली आणि पिशवी मांडीवर घेतली. आपण एक अवघड गोष्ट सोपी करून सांगितली, याचा वडिलांना आनंद झाला. त्या गोष्टीच्या पायावर शेजारी केवढी इमारत उभी राहिली, याची त्यांना गंधवार्ताही नव्हती.

कुंडलिका जेथे समुद्राला मिळते, तेथे तिच्या एका अंगाला रेवदंडा आहे आणि दुसऱ्या अंगाला कोर्लईचा किल्ला. रेवदंड्याचा कोट पोर्तुगीजांनी बांधला. १७४० मध्ये तो मराठ्यांकडे आला. आता त्याच्या तटावर झाडे वाढली आहेत आणि नारळी-पोफळींच्या वाड्या त्याला खेटून उभ्या आहेत. कोटाच्या भिंतीबाहेर पडले की समोर वाळू, आणि वाळूपलीकडे समुद्र. दोघे पोचली तेव्हा ओहोटी होती. पाणी खूप दूर गेले होते. ओल्या वाळूवर बारीक खेकड्यांनी मोहरीएवढ्या गोळ्यांची नक्षी मांडली होती. पाऊल टाकले की नक्षी करणारे क्षणात बिळात नाहीसे होत.

समुद्र प्रथम पाहणारी मुले पाण्याकडे धाव घेतात. धाकटी थांबली. तिने डोळे भरून एकदा समुद्र पाहिला. मग ती उजवीकडे वळली आणि भरतीच्या पाण्याने काठावर टाकलेल्या काडीकचऱ्याच्या रेषेने हळूहळू चालू लागली. त्या रेषेत शिंपले होते, सुरूची बोंडे होती, जाळ्यांचे तुटके तुकडे होते आणि करवंट्या तर पुष्कळच होत्या. ती प्रत्येक करवंटी उचली, आत पाही आणि पुन्हा होती तशी ठेवून देई. वडिलांना वाटले, खेळते आहे. विसाव्या की पंचविसाव्या करवंटीनंतर त्यांनी विचारले, "काय शोधतेस, बाळ?"

"मेण," ती म्हणाली. "आपल्या होडीत मेण आहे. बाकीच्यांच्यात नाही."

मग तिने सगळे सांगितले. श्रावण, पूल, लाल शीड, चिंचोका. सांगताना तिने पिशवीतून पंचा काढून दाखविला.

वडील काही बोलले नाहीत. बोलावयाचे असते, तर त्याच वेळी बोलता आले असते. परंतु तेवढ्यात एक म्हातारा कोळी तेथे जाळे शिवीत बसलेला धाकटीला दिसला आणि ती धावत त्याच्याकडे गेली. त्याची होडी वाळूवर ओढलेली होती. धाकटीने त्याला विचारले, "काका, एक होडी आली का? करवंटीची आहे. लाल शीड आहे. पुण्याहून येणार आहे."

म्हातारा हसला नाही. त्याने सुई खाली ठेवली, नीट ऐकून घेतले आणि समुद्राकडे पाहत म्हणाला, "आता सुकती आहे, पोरी. सुकतीला काय येणार? भरतीला येईल गो. आज अष्टमी. आठाची पाऊणपट सहा. सहाला पाणी भरेल."

समुद्रावर जगणारी माणसे भरतीची वेळ अशी तिथीवरून काढतात. तिथीला पाऊणाने गुणले, की भरतीची वेळ जवळजवळ मिळते. चवथीला तीन, अष्टमीला सहा. धाकटीला ते गणित फार आवडले. ती परत येऊन वडिलांना म्हणाली, "सहापर्यंत थांबायचे हं, बाबा." आणि पंचा मांडीवर घेऊन, समुद्राकडे तोंड करून ती बसली. पाण्यात खेळावयास ती येईना. गूळ-पोळीसुद्धा तिने समुद्रावरची नजर न काढता खाल्ली.

वडील तिच्याजवळ बसले. त्यांना ठाऊक होते, की ती होडी या समुद्रात कधीच येणार नाही. नकाशा उघडून पाहिलात, तर तुम्हांलाही ते दिसेल. पुण्याहून पश्चिमेचा समुद्र शंभर किलोमीटरच्या आसपास. पण मुठा त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेला जाते. संगमावर ती मुळेला मिळते, मुळा-मुठा भीमेला मिळते, भीमा पंढरपुरावरून कर्नाटकात उतरून कृष्णेला मिळते आणि कृष्णा आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला. हजाराहून अधिक किलोमीटरांचा हा प्रवास. मुळशीला जे पाणी घाट उतरले, ते माणसाने वळवून आणले म्हणून. नाहीतर तेही मुठेला भेटून पूर्वेलाच गेले असते.

हे सारे न सांगता भागण्यासारखे होते. सहा वाजता पाणी भरले असते, होडी आली नसती, "पुढच्या खेपेला येईल" असे म्हणता आले असते, आणि मोटारीत पोर झोपून गेली असती. म्हाताऱ्याने तर वाट करूनच दिली होती, आणि तीही मायेने. पण दोन-तीन वर्षांनी भूगोलाच्या तासाला धाकटीच्या पुढे नकाशा येणार होता. मुठेवरून बोट फिरवीत ती पूर्वेला जाणार होती. त्या क्षणी तिला नदीची दिशा कळली असती, आणि बाबांना ती तेव्हाही ठाऊक होती, हेही कळले असते. तिने पंच्याची चौकोनी घडी केली होती आणि तिचे कोपरे ती पुन:पुन्हा जुळवीत होती. वडील पुष्कळ वेळ त्या कोपऱ्यांकडे पाहत राहिले.

मग ते उठले आणि ओल्या वाळूचा एक लांबट ढीग करू लागले. समुद्राकडची बाजू त्यांनी भिंतीसारखी उभी ठेवली. मागची बाजू हळूहळू उतरती करीत दूरपर्यंत नेली. धाकटी मान वळवून पाहू लागली.

"हा सह्याद्री," वडील म्हणाले. "सकाळी आपण उतरलो तो. हे मुळशी, हे आपले पुणे. आता तू पाऊस पाड."

धाकटीने बाटलीतले पाणी ढिगाच्या माथ्यावर ओतले. थोडे पाणी उभ्या बाजूने झरकन समुद्राकडे घसरले. उरलेले सारे मागच्या उताराने, वाट काढीत, त्यांच्या पाठीमागे गेले.

ती क्षणभर स्तब्ध झाली. "पुन्हा," ती म्हणाली. पुन्हा पाऊस पाडला. मग तिने बाटली भरून आणली आणि पुण्याच्या खुणेवरच पाणी ओतले. त्याचा एक थेंबही समुद्राकडे गेला नाही. तिने चवथ्यांदा ओतले नाही.

"म्हणजे आपली नदी इकडे येत नाही?"

"नाही, बाळ. ती तिकडच्या समुद्राला मिळते. आपल्या देशाला तीन बाजूंनी समुद्र आहे. आजी म्हणाली ते खरेच आहे. पण होडी दुसऱ्या समुद्राच्या वाटेने गेली."

धाकटीचे डोळे भरून आले. तिने पंचा तोंडाशी धरला. होडी मिळणार नाही, यापेक्षा तिला दुसरीच गोष्ट अधिक लागली होती, कारण थोड्या वेळाने ती म्हणाली, "नावाड्याला कोणी सांगितलेच नाही, एवढे लांब जायचे आहे म्हणून."

वडिलांनी तिला जवळ घेतले. "कुठवर गेला असेल तो?" तिने विचारले.

येथे पुन्हा एकदा गोड काहीतरी बोलून मोकळे होता आले असते. वडील म्हणाले, "ते मला सांगता येणार नाही. वाटेत अडथळे फार. पुण्यातच बंडगार्डनचा बंधारा आहे. तो पार केला असेल, तर पुढे भीमेवर उजनीचे धरण आहे. तिथे पाणी थांबते. कदाचित तुझा नावाडी तिथेच थांबला असेल. हिवाळ्यात तिथे लांब पायांचे, गुलाबी पंखांचे रोहित पक्षी येतात. शेकड्यांनी येतात आणि उथळ पाण्यात उभे राहतात."

"त्याला दिसत असतील?"

"तिथवर पोचला असेल, तर दिसत असतील."

धाकटीने त्या 'असेल'चा विचार केला. तिने डोळे पुसले. मग एकदम तिला काही आठवले. "मग ते काका खोटे बोलले?"

"नाही. त्यांना हा समुद्र ठाऊक आहे. इथे जे हरवते, ते भरतीला परत येताना त्यांनी पुष्कळदा पाहिले आहे. आपली नदी त्यांनी पाहिलेली नाही."

ऊन कलले होते. पाणी आता चढू लागले होते. प्रत्येक लाट मागच्या लाटेपेक्षा हातभर पुढे येत होती आणि खेकड्यांची नक्षी ओळीने पुसली जात होती. धाकटी प्रथमच पाण्यात उतरली. पायाखालची वाळू सरकली तशी किंचाळली, हसली, वडिलांचा हात धरून लाटेवरून उड्या मारू लागली. एक ओंजळ भरून तिने पाण्याकडे निरखून पाहिले. "यात मुळशीचे असेल ना?" तिने विचारले. "असेल," वडील म्हणाले. तिने ती ओंजळ जपून परत समुद्रात सोडली.

निघावयाची वेळ झाली. वडील वस्तू गोळा करू लागले. पाहतात तो धाकटी जवळ नाही. ती त्या म्हाताऱ्या कोळ्यापाशी जाऊन उभी राहिली होती. त्याची होडी तरंगावयास अजून थोडा अवकाश होता.

"काका," ती सांगत होती, "भरती आली तरी माझी होडी येणार नाही. तुम्ही वाट पाहू नका."

"का गो?"

"आमची नदी दुसऱ्या समुद्राला जाते."

म्हाताऱ्याने डोंगरांकडे पाहिले, मग समुद्राकडे पाहिले. उभा जन्म त्याने याच पाण्यावर काढला होता. "डोंगर तर इथे जवळ," तो म्हणाला. "मग पाणी तिकडे कशाला जाईल?"

धाकटीने पंचा त्याच्या होडीच्या काठावर ठेवला, गुडघे टेकले आणि दोन्ही हातांनी ओली वाळू ओढून ती डोंगर रचू लागली. त्याची समुद्राकडची बाजू तिने उभी ठेवली. वडील मोटारीच्या किल्ल्या हातात घेऊन थोड्या अंतरावर थांबले. म्हातारा जाळे बाजूला सारून खाली वाकला.

"आता तुम्ही पाऊस पाडा," धाकटी त्याला म्हणाली.